तिरळेपणाच्या उपचारासाठी पुण्याच्या फेऱ्या : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर आमचे महिला मंडळ काम करते. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्याच एका ताईंची आठ महिन्यांची नात अंगणवाडीत तपासणीला आली. सिस्टरांनी तिला आईच्या मांडीवर बसवून समोर टॉर्च धरला. उजव्या डोळ्यात उजेडाचा ठिपका बाहुलीच्या बरोबर मधोमध, डाव्या डोळ्यात मात्र कानाकडच्या बाजूला सरकलेला. डावा डोळा नाकाकडे वळला होता. आजी म्हणाली, "असू दे गं, तिरळे डोळे नशीबवान असतात."

लहानपणापासून आम्हीही हेच ऐकत आलो. पण वळलेल्या डोळ्याने दिसणारे चित्र मेंदू बाजूला टाकू लागतो आणि तो डोळा आळशी होतो. मग नजर परत आणणे वर्षागणिक अवघड होत जाते. बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावरही त्याचा डोळा वळत असेल, तर वाट पाहू नका. फोटोत बाहुली पांढरी दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघा.

काही बाळांना नुसता चष्मा पुरतो, काहींना शस्त्रक्रिया लागते. काहींना डॉक्टर डोळा आत ओढणाऱ्या स्नायूत बोटॉक्सचे इंजेक्शन देतात. सुरकुत्यांसाठी गाजलेले हे औषध आधी तिरळेपणासाठीच पुढे आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी १९८० मध्ये त्याचे माणसांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. सुई बुबुळात जात नाही. थोडा वेळ भूल देतात, काम काही मिनिटांचे. स्नायू दोन-चार दिवसांत सैल पडतो आणि असर साधारण तीन महिने टिकतो. तेवढ्यात दोन्ही डोळ्यांना एकत्र पाहायची सवय लागली, तर पुढेही डोळे सरळ राहू शकतात. नाहीतर पुन्हा इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया. मध्यंतरी कधी पापणी उतरते, कधी डोळा उलट बाहेर जातो. आया घाबरून जातात. बहुतेकदा काही आठवड्यांत ते ओसरते, पण डॉक्टरांना दाखवावे लागतेच.

गाडे अडते ते इथेच. जुन्नरहून पुणे ९० किलोमीटरच्या वर, आणि आमच्या वाड्यांवरून जुन्नर गाठायचे ते वेगळेच. भुलीसाठी उपाशी ठेवलेले लेकरू कडेवर घेऊन आई पहाटेच्या एसटीला उभी राहते. दोघांची मजुरी बुडते. भातलावणीत तर घरातून पायच निघत नाही. पहिली फेरी होते, दुसरीही कशीबशी होते, तिसरी राहून जाते.

म्हणून आम्हाला हवे आहे : जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेल्या मजुरीची भरपाई, लहान मुलांचे चष्मे आणि डोळ्यावर लावायच्या पट्ट्या. कोणाची गाडी पुण्याला जात असेल, तर दोन जागा द्या. पुण्यात राहणाऱ्या जुन्नरकरांनी एका रात्रीचा आसरा दिला, तरी मोठे काम होईल.

देणगी मंडळाच्या दर शनिवारच्या बैठकीत स्वीकारली जाईल. पावती मिळेल, आणि दर महिन्याचा हिशेब अंगणवाडीच्या भिंतीवर लावला जाईल. ताईंच्या नातीची पुढची फेरी येत्या पंधरवड्यात आहे.

आपल्या नम्र,
महिला मंडळाच्या सर्व सभासद