दिल्लीचे ते रंग मूळचेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९३८ सालच्या ‘दिल्ली’ या ब्रिटिश माहितीपटावरील लेखात त्याला रंग मागाहून भरल्याचे म्हटले आहे. हे बरोबर नाही. ‘वर्ल्ड विंडो’ मालिकेतला हा पट छायालेखक जॅक कार्डिफ यांनी टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीतच टिपला. त्या कॅमेऱ्यात भिंगामागचा लोलक प्रकाश विभागून एकाच वेळी तीन कृष्णधवल निगेटिव्हवर टाकी. त्यांपासून साचे काढून पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी रंग प्रिंटवर एकावर एक छापत.

प्रत पारखायची असेल तर मिनाराची कड बघावी. तिथे तांबडी-हिरवी किनार दिसली तर ती जुन्या निगेटिव्हची खूण. त्या काळची नायट्रेट फिल्म आकसते, तिन्ही सारख्या आकसत नाहीत, म्हणून प्रतिमा नेमक्या जुळत नाहीत. संगणकाने रंगवलेल्या प्रतीत मात्र रंग पागोट्याबाहेर सांडतो, किंवा तेच पागोटे चालता चालता रंग बदलते. सगळे चित्र गुलाबी पडले असेल, तर ती बहुधा पुढे ईस्टमनकलर या नंतरच्या रंगीत फिल्मवर काढलेली प्रत. छापील टेक्निकलर सहसा असे विटत नाही.

लेखात दुसरा आक्षेप आहे की अशा पटांत गल्लीबोळ दिसत नाहीत. साम्राज्याची नजर हे त्याचे एक कारण खरेच. पण ती फिल्म प्रकाशाला इतकी मंद होती की भरपूर ऊन लागे. चांदणी चौकामागच्या अंधाऱ्या गल्लीत दिव्यांशिवाय काही उमटलेच नसते.

दिल्लीच्या जुन्या चित्रफितीचा काळ ठरवायला इमारती उपयोगी पडतात. चांदणी चौकात घंटाघर उभे असेल तर चित्रण १९५१ मध्ये ते कोसळण्यापूर्वीचे. इंडिया गेट पूर्ण बांधलेले दिसले तर १९३१ च्या सुमाराचे किंवा त्यानंतरचे.

चित्राइतकाच निवेदनाकडेही कान हवा. मुघलांवरून थेट १८५७ किंवा १९११ च्या दिल्ली दरबारावर उडी मारली, तर मधली मराठ्यांची दिल्ली गळते. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवले. १७८४ पासून महादजी शिंदे बादशहाचे वकील-इ-मुतलक, म्हणजे मुख्य कारभारी होते, आणि इंग्रजांनी ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीजवळ पटपडगंजला हरवले ते दौलतराव शिंद्यांच्या फौजेला. लाल किल्ल्याचे दृश्य कितीही देखणे असले तरी हे त्यात आपोआप दिसत नाही; ते निवेदनातच सांगावे लागते.

लेखाची दुरुस्ती छापावी आणि पुढे अशा दृश्यांखाली ती कोणत्या प्रतीतून घेतली तेही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे