पाण्याचा हक्क सातबाऱ्यावर अडतो

महोदय,

पाणीप्रश्नावर काम करू इच्छिणारे तरुण वकील भेटतात, तेव्हा त्यांचे लक्ष बहुधा उच्च न्यायालयातील जनहित याचिकांकडे असते. त्या याचिकांचे मोल मी जाणतो. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रीचा पाण्यावरील हक्क प्रत्यक्षात तलाठी कार्यालयात अडतो, आणि तेथे तिच्या बाजूने बोलणारा वकील क्वचितच दिसतो.

सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणाऱ्या 2005 च्या राज्य कायद्यानुसार पाणीवापर संस्थेचे, म्हणजे कालव्याचे पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचे, सभासदत्व लाभक्षेत्रातील, म्हणजे ते पाणी मिळणाऱ्या क्षेत्रातील, जमीनधारकांना व भोगवटादारांना मिळते. व्यवहारात सातबाऱ्यावर नाव असावे लागते. आवर्तन, म्हणजे कालव्याचे ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी, सुटल्यावर रात्रीची पाळी आली, तरी बॅटरी घेऊन शेतापर्यंत पाणी आणणाऱ्या चारीवर जाणारी आणि पहाटेपर्यंत दारे धरून पिकाला पाणी देणारी बाई अनेक घरांत पाणी मागणीच्या अर्जावर सही करू शकत नाही, संस्थेच्या सभेत मत देऊ शकत नाही, कारण जमीन सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते. नवरा वारला आणि वारसनोंद रखडली, तर तिचे पाणी दिराच्या मर्जीवर राहते.

गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत, हे चांगलेच आहे. पण पिण्याच्या पाण्यात तिला स्थान आणि शेतीच्या पाण्यात मात्र नाही, हा भेद मला मान्य नाही. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता घरातील माणसांच्या संख्येवर ठरवला आणि भूमिहीनांनाही त्यात घेतले. सभासदत्वाची जमिनीशी घातलेली गाठ सोडविता येते, हे याच राज्यात दिसून आले आहे.

तशी कायदेदुरुस्ती व्हायला हवी. ती होईपर्यंतही तरुण वकिलांना करण्यासारखे पुष्कळ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवा मिळू शकते. तालुका विधी सेवा समित्यांनी या वकिलांना सोबत घेऊन रब्बीच्या आवर्तनापूर्वी लाभक्षेत्रातील गावांत शिबिरे भरवावीत, रखडलेल्या वारसनोंदी मार्गी लावाव्यात, लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचे अर्ज भरून घ्यावेत आणि माहेरच्या जमिनीतील वाटा सोडून देणाऱ्या हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणींना त्याचा अर्थ नीट समजावून सांगावा. जलसंपदा विभागानेही प्रत्येक पाणीवापर संस्थेत स्त्री सभासद किती आहेत, याची यादी दरवर्षी संस्थेच्या फलकावर लावण्याचा आदेश काढावा.

– एक वकील, जि. नाशिक