निवडून येणारा उमेदवार आणि त्याचा जाहीरनामा

एडिसन, न्यू जर्सी
८ मार्च २०२०

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. आदल्याच दिवशी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून माघार घेतली होती, त्यामुळे ‘चांगला उमेदवार नको, निवडून येणारा हवा’ हे तुझे वाक्य मला जरा जास्तच लागले. तुझ्यावर राग नाही. पण हे म्हणणे मला का पटत नाही, ते सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझी भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये आपल्या पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मते अधिक पडली आणि तरीही मिशिगन, विस्कॉन्सिन आणि तुझे पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ८० हजारांहून कमी मतांनी अध्यक्षपद हातचे गेले, कारण इथे अध्यक्ष देशभरातल्या मतांवर नव्हे, तर राज्यवार निकालांवर ठरतो. जो माणूस हे आपल्याच गल्लीत घडताना पाहतो, तो पुढच्या खेपेस उमेदवार पारखताना ‘हा इथे चालेल का’ हेच आधी विचारणार.

पण हे चालणे-न चालणे निकालाआधी ठरवायचे कसे? २००४ मध्ये जॉन केरी यांना पक्षाने पसंती दिली, त्यामागे व्हिएतनाममध्ये लढलेला माणूस बुश यांना भारी पडेल हा मोठा हिशेब होता, आणि ते हरले. २००८ च्या आरंभी दक्षिण कॅरोलायनातील अनेक कृष्णवर्णीय मतदारही ओबामांबद्दल साशंक होते. बहुतांश गोऱ्यांची वस्ती असलेल्या आयोवाने पक्षाच्या उमेदवारीच्या पहिल्याच लढतीत त्यांना जिंकून दिले तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. ट्रम्प निवडून येणार नाहीत, हे तर २०१६ मध्ये जाणकारांनी जवळजवळ गृहीतच धरले होते.

मला खरा त्रास होतो तो यापुढच्या गोष्टीचा. आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटता वाटता निवडणुकीचा विषय निघाला, तेव्हा निदान चार बायका मला म्हणाल्या, की वॉरन सगळ्यांत अभ्यासू आहेत, बोलतात त्याला आधार असतो, पण लोक बाईला मत देणार नाहीत. हे ‘लोक’ म्हणजे कोण? त्या चौघींपैकी एकीचाही स्वतःचा आक्षेप नव्हता. प्रत्येकीने शेजाऱ्याच्या मनातला आक्षेप आपल्या मनाने रंगवला होता आणि त्या कल्पनेपोटी आपले मत दुसऱ्याला द्यायचे ठरवले होते. गेल्या वर्षी एका पाहणीतही हेच दिसले: मत कोणाला देणार असे विचारले तेव्हा माजी उपाध्यक्ष जो बायडन पुढे होते, पण जादूची कांडी फिरवून हव्या त्या उमेदवाराला थेट अध्यक्ष करता आले तर कोणाला कराल, असे विचारताच वॉरन पुढे गेल्या. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या वेळी ‘इलेक्टिव्ह मेरिट’च्या नावाखाली स्त्रियांना डावलतात तेव्हा तूच चिडायचास, हे मी विसरलेले नाही.

आता आश्वासनांचे पाहू. सर्वांना सरकारी आरोग्यविमा द्यायचा तर पैसा कुठून आणणार, असा प्रश्न वॉरन यांना प्रत्येक वादसभेत विचारला गेला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी दहा वर्षांत साडेवीस लाख कोटी डॉलरच्या नव्या खर्चाचा आराखडा मांडला आणि अब्जाधीशांवरील संपत्ती करापासून सगळी जमेची बाजू लिहून दाखवली. पुढे दोन आठवड्यांत त्यांनी हे काम दोन टप्प्यांत करण्याचे जाहीर केले, तेव्हा शर्यतीतले डावे उमेदवार बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांना ती कच खाणे वाटली, तर मवाळ मंडळी आकड्यानेच घाबरली होती. मला मात्र तो टप्प्यांचा आराखडा प्रामाणिक वाटला, कारण जिने हिशेब मांडला तिचीच झडती झाली आणि ज्यांनी तो मोघम ठेवला ते सुटले.

दक्षिण कॅरोलायनाबद्दल तू लिहिलेस ते मला मान्य आहे. तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला आणि तिथल्या वयस्कर कृष्णवर्णीय मतदारांनी बायडन यांना भरभरून मते दिली, ती कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर ट्रम्प यांची आणखी चार वर्षे आपल्याला सर्वांत महाग पडतील हे ओळखून. त्यांच्या निर्णयापुढे मी आदराने गप्प बसते. पण मंगळवारी एकाच दिवशी मतदान झालेल्या चौदापैकी दहा राज्ये जिंकून बायडन पुढे निघाले आहेत, तर त्यांच्याही आश्वासनांना तीच कसोटी लाव. इच्छुकांना सरकारी विमा विकत घेता येईल असा ‘पब्लिक ऑप्शन’ ते देऊ म्हणतात. सिनेटमध्ये विरोधकांची अडवणूक मोडायला शंभरपैकी साठ मते लागतात. २००९ मध्ये आपल्या बाजूला तेवढी होती, तरी अपक्ष सिनेटर लीबरमन यांच्यासारख्यांच्या विरोधामुळे हीच तरतूद गाळावी लागली होती. आज रिपब्लिकनांकडे ५३ जागा आहेत. तेव्हा निवडून येण्याची चर्चा करायची तर ती सिनेटच्या उमेदवारांपर्यंत न्यायला हवी.

आमच्या राज्याची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याचे मतदान, जूनमध्ये, तोवर सगळे ठरलेले असेल. तुझी २८ एप्रिलला आहे. तू बायडन यांनाच मत देशील हे मी धरून चालले आहे. नोव्हेंबरला तेच उमेदवार असले तर मीही त्यांनाच मत देईन आणि ऑक्टोबरमध्ये तुझ्याकडे येऊन दारोदार फिरेन. त्याआधी तुझे एक काम: तुमच्या भागात त्यांच्या प्रचाराची बैठक झाली, की सिनेटमध्ये साठ मते कुठून आणणार हे उभे राहून विचार आणि काय उत्तर मिळते ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मेधा