बाबांच्या कॉम्प्युटरजवळ लावायचं पत्र

मुलुंड,
रविवार, रात्री

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलेलं बाबा विसरतात आणि आई नुसती 'हो हो' म्हणते, म्हणून जाड स्केचपेननं लिहितेय. हे कॉम्प्युटरशेजारच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवा.

बाबा, आज तुमच्या नजरेसाठी कॉम्प्युटरवरची अक्षरं मोठी केली, तर निघताना तुम्ही म्हणालात, "अक्षरं वाढवली की पानाचा घाट जातो." गिरगावातल्या छापखान्यात तीस वर्षं टाईपाचे खिळे जुळवलेला माणूस दुसरं काय म्हणणार! पण तुमचं पान चौकटीत आवळलं की पक्कं व्हायचं. पडद्यावरचं पान कुणी आवळलेलंच नसतं. माझ्या फोनवर ते वेगळं जुळतं, तुमच्याकडे वेगळं. इथला जुळारी, म्हणजे हा कॉम्प्युटर, तुमच्याच टेबलावर बसलाय, त्याला सांगायचं, बारीक टाईप नको, ठसठशीत लाव. यात कुणाचा अपमान नाही.

फायरफॉक्समध्ये, म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडतात त्या प्रोग्रॅममध्ये, मी अक्षरांचा कमीत कमी आकार २४ करून ठेवलाय. आधी केला तेव्हा इंग्रजी वाढलं आणि मराठी पेपर तसाच मुंगीएवढा. अर्धा तास डोकं खाजवत होते. मग कळलं, टाईप ठेवायच्या लाकडी केसमध्ये असतात तसे तिथे प्रत्येक लिपीचे खण वेगळे, देवनागरीचा निराळा. आता दोन्हीकडे केलंय. तरी कमी वाटलं तर कंट्रोल दाबून ठेवा आणि उजव्या टोकाचं मोठं अधिकचं बटण दाबा. फार वाढलं तर कंट्रोल आणि शून्य. लेख वाचताना बाजूच्या जाहिराती नडल्या तर एफ ९ दाबा, म्हणजे नुसता मजकूर उरतो.

रंगांचं मात्र नीट ऐका. मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, खराब झाला की नेमकी मधली नजर जाते, चष्म्याचा नंबर वाढवून ती येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच आहे. त्यात पांढऱ्या पडद्याची तिरीप तुम्हाला सोसत नाही. म्हणून काळ्यावर फिकट पिवळी अक्षरं केली. (आई म्हणाली, संक्रांतीची साडीच नेसवलीस की त्याला!) हल्ली फिकट राखाडी अक्षरांची फॅशन आहे, शाई कमी बसलेल्या प्रुफासारखी. वास्तविक अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक हवा असा वेबचा मान्य नियम आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. पाळतंय कोण? आता तुमच्याकडे ती राखाडी अक्षरंही पिवळीच दिसतील.

एक खोट आहे. बिल भरताना काही चुकलं की सूचना लाल अक्षरांत येते. तुमच्याकडे तीही पिवळीच येणार. म्हणून पैशांचं काम एकट्यानं करू नका, आईला शेजारी बसवा. आई, तू लाल रंग शोधू नकोस, रकान्याखाली नवी ओळ उगवली का तेवढं बघ.

टेबलही फिरवा. गॅलरीचं दार तुमच्या पाठीशी असल्यामुळे दुपारी पडद्यात उजेडच दिसतो.

आणि आई, कंट्रोल आणि एफ ९ वर चिकटवलेल्या टिकल्या तुझ्याच पाकिटातल्या आहेत. मरून रंगाच्या होत्या त्या.

तुमची,
ताई