अंगात येणं वेगळं, आजार वेगळा

महोदय,
पौषात मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत हलगी घुमू लागली की कुणाच्या तरी अंगात येतं. वाद्य थांबलं, तोंडावर पाणी मारलं की तीच बाई पदर सावरून घरच्यांना जेवायला वाढते. याला लगेच वेड म्हणायचं कारण नाही. पण कॉलेजातला पोरगा रात्र रात्र जागतो, एकटाच कुणाशी तरी बोलतो, 'यात विष आहे' म्हणत आईने वाढलेलं ताट सरकवतो आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, तेव्हा तो सायकोसिस, म्हणजे खरं काय न् भास काय याचं भान सुटण्याचा मनाचा आजार, असू शकतो. ते आवाज त्याला खरोखर ऐकू येतात. वाद घालून ते जात नाहीत. भीती वाटते का, झोप लागते का, एवढं विचारावं आणि मनोविकारतज्ज्ञ गाठावा. उपचार लवकर सुरू झाले तर गुण येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मात्र आधी देवऋषी, मग उतारा, मग लग्न! (लग्नाने बरा झालेला एकही मी पाहिलेला नाही.) भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला असा किती खर्च येतो?

– एक वाचक, वाई (जि. सातारा)