जप्तीच्या कागदावर कर्जदाराचे हक्कही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या न्यायालयात मी बेलिफ होतो. समन्स बजावणं, जप्तीचं वॉरंट घेऊन जाणं, पंचनामा करणं, यातच नोकरी सरली. निवृत्त झालो तरी साखर पेठेतल्या माझ्या घरी संध्याकाळी माणसं येतात. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घड्या पडलेले कागद असतात. कुणाकडे बँकेची नोटीस, कुणाकडे पतसंस्थेचा वसुली दाखला, कुणाकडे फायनान्स कंपनीच्या वकिलाचं पत्र. यंत्रमागधारक येतात, मागावरचे कामगार येतात आणि विड्या वळणाऱ्या बायका सगळ्यांत जास्त. मी वकील नाही. कागदात काय लिहिलंय आणि पुढे कुठे जायचं, एवढंच सांगतो. पण कायद्यात जे नाहीच त्याला ही माणसं घाबरतात, आणि कायद्यात जे त्यांच्या बाजूचं आहे ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे पत्र.

माझी मागणी आधीच सांगतो. कर्जवसुलीची जी जी नोटीस माणसाच्या हातात पडते, मग ती बँकेची असो, पतसंस्थेची असो की न्यायालयाची, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याचे हक्क आणि मुदती मराठीत छापणं सक्तीचं करावं. आपल्या पूर्वभागात तर तेलुगूतही छापावं. कर्ज फेडायचंच आहे, त्यातून सूट मिळावी असं मी म्हणत नाही. पण भीतीपोटी गाव सोडून गेलेली, राहतं घर मातीमोल विकलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतल्या पुष्कळांवर ती वेळ यायला नको होती.

पहिला प्रश्न हमखास एकच असतो: "मला धरून नेतील का?" कर्ज न फिटणं हा गुन्हा नाही. दिवाणी न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा निकाल, झाला तरी नुसते पैसे नाहीत म्हणून कैदेत टाकता येत नाही. ऐपत असून देत नाही, मालमत्ता लपवली किंवा दुसऱ्याच्या नावावर केली, असलं काही धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, दाखवावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये हे आहे. जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली हेच ठणकावून सांगितलं. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा होता. कैद झालीच तर जास्तीत जास्त तीन महिने, आणि कर्जदाराच्या जेवणाखाण्याचा भत्ता धनकोलाच न्यायालयात भरावा लागतो. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही, कलम ५६ तसं स्पष्ट म्हणतं.

चेकची गोष्ट मात्र वेगळी आणि ती हलक्यात घेऊ नये. चेक वटला नाही तर फौजदारी खटला होतो, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तिथेही आधी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून पोस्टमनने आणलेलं रजिस्टर परत पाठवू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. नोटीस घेतली नाही म्हणून ती टळत नाही, फक्त ते १५ दिवस हातचे जातात.

दुसरा प्रश्न घरातल्या वस्तूंचा. पूर्वभागातल्या एका दीड खोलीच्या घरातली जप्ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या गाळ्यातून मागांची खडखड येत होती. बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मी, दोन पंच आणि धनकोचा माणूस आत गेलो. कागद वाचून दाखवायच्या आत तिने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, सुपातल्या पानांवर ठेवलं आणि म्हणाली, "हे घ्या, पण ह्यांना नेऊ नका की ओ." मी ते उचलून तिच्या हातात दिलं. नवऱ्याला न्यायचं वॉरंटच नव्हतं, आणि मंगळसूत्राला हात लावायचा कायद्याने मला अधिकार नव्हता. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं आणि बियाणं, हे सगळं कलम ६० ने जप्तीतून वगळलेलं आहे. तिची कात्री आणि सूप मी यादीत घेतलं नाही. टीव्ही आणि लोखंडी कपाट घेतलं, कारण ते घ्यावंच लागतं. माझ्या हातातल्या वॉरंटवर रक्कम होती, व्याज होतं, खर्च होता. काय घ्यायचं नाही, हे त्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. ते मला माहीत होतं म्हणून तिचं मंगळसूत्र राहिलं, आणि याच गोष्टीचा मला अजून त्रास होतो. हक्क समोरच्या माणसाच्या माहितीवर का अवलंबून असावा?

याच कलम ६० ने मजुराचं, घरकामगाराचं आणि शेतकऱ्याचं राहतं घरही जप्तीतून वगळलं आहे. विडी घरकुलात राहणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे? अर्थात आपण मजूर आहोत हे न्यायालयापुढे मांडावं लागतं, आणि घर तारण ठेवलेलं असेल तर हे संरक्षण तारणाच्या वसुलीला लागू पडत नाही. मजुराची मजुरी जप्त होत नाही, भविष्यनिर्वाह निधी होत नाही, आयुर्विम्याचे पैसे होत नाहीत. पगारदाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. म्हणजे १६,००० पगार असेल तर ११,००० त्याचे, फार तर ५,००० जप्तीत. पतसंस्थेला पगारातून कापून घ्यायचं संमतिपत्र सही करून दिलं असेल तर मात्र हिशेब वेगळा.

पतसंस्थांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात सगळ्यांत जास्त माणसं तिथेच अडकतात. त्यांना हुकूमनाम्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावरच जप्ती होते. दाखला देण्याआधी सुनावणीची नोटीस येते. लोक त्या तारखेला जात नाहीत. "जाऊन काय बोलणार, पैसे तर नाहीत," असं म्हणतात. पण व्याज जास्त लावलं, भरलेले हप्ते जमा दाखवले नाहीत, जामीनदार म्हणून केलेली सही आपली नाही, हे सगळं बोलायची जागा तीच. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला, जाताना वसुलीच्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो निम्मी रक्कम कुठून आणणार? म्हणून सुनावणीच्या नोटिशीवर ठळक अक्षरांत छापायला हवं: आजच बोला, नंतर बोलायला निम्मे पैसे लागतील.

आणि जामीनदार. एकाच कारखान्यातले चार कामगार एकमेकांना जामीन राहतात, आणि चौघांनाही वाटतं की आपली सही नावापुरती आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराचं सगळं विका आणि मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. माझ्या हातून बजावलेल्या वॉरंटांत सगळ्यांत कडवट चेहरे जामीनदारांचे असायचे. एक रुपया हातात न घेता त्यांच्या दारात मी उभा असायचो. भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क जामीनदाराला आहे, हेही त्यांना माहीत नसतं.

नवरा गेल्यावर त्याचं कर्ज बायकोवर येतं का, मुलांवर येतं का, हे विचारायला बायका फार संकोचाने येतात. तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर तिच्या स्वतःच्या कमाईवर आणि मालमत्तेवर ते येत नाही. त्याच्याकडून वारसाने जे मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, या जुन्या नियमावर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जासाठी मुलावर दावा चालत नाही. तेराव्याच्या आत घरी येऊन विधवेची नव्या कागदावर सही घेणाऱ्यांपासून सावध राहावं. ती सही केली की मग ते कर्ज तिचं होतं.

गटाच्या कर्जाचे वसुलीवाले विडी कामगार बायकांच्या दारात रात्रीपर्यंत बसून राहतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा छोट्या, म्हणजे सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करून सतावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नावं जाहीर करणं, न फेडल्यास काय होईल याची खोटी भीती घालणं, हे सगळं मना आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. सावकाराचं कर्ज असेल तर जागा वेगळी. शेकडा दहाने महिन्याचं व्याज घेणाऱ्याकडे परवाना आहे का, हे आधी विचारा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची.

घर किंवा कारखान्याचा गाळा बँकेकडे तारण असेल तर सरफेसी कायद्याची नोटीस येते. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार हा कायदा बँकेला देतो. नोटिशीनंतर ६० दिवस असतात. त्यांतच लेखी हरकत घ्यावी, बँकेने तिला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. शेतजमिनीला तो लागू नाही.

आता नादारीबद्दल, म्हणजे दिवाळखोरीबद्दल. मोठ्या कंपन्यांची दिवाळखोरी रोज वर्तमानपत्रात येते, म्हणून माझ्या ओट्यावर बसलेला टॉवेल कारखानदार विचारतो, "मग मला दिवाळखोरी मागता येत नाही का?" येते. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता व्यक्तींसाठीही लिहिली गेली, पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू केला. आपल्याकडच्या बाकी माणसांना अजून प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० आहे. शंभर वर्षांहून जुना हा कायदा अजून जिवंत आहे. कर्ज ५०० रुपयांहून कमी नसेल आणि ते फेडता येत नसेल, तर जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करता येतो. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, वर सांगितलेल्या जप्तीतून सुटलेल्या वस्तू सोडून. तारण नसलेल्या धनकोंना परवानगीशिवाय स्वतंत्र दावा लावता येत नाही, आणि न्यायालय अटकेपासून संरक्षण देऊ शकतं. पुढे मुक्ततेचा हुकूम मिळाला की जुनी देणी संपतात. सरकारी देणी आणि फसवणुकीची देणी संपत नाहीत. तारण ठेवलेल्या वस्तूवर ती तारण घेणाऱ्या धनकोचा हक्क तसाच राहतो. आणि अर्जाच्या तोंडावर घर मेव्हण्याच्या नावावर करण्याचा मार्ग बंद आहे, कारण नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतली अशी हस्तांतरणं रद्द होऊ शकतात.

माझ्या नोकरीत असे अर्ज फार थोडे पाहिले. नादार हा शब्द कपाळावर लागेल, मुलीचं लग्न जमणार नाही, अशी धास्ती असते. पण घराला कुलूप लावून भिवंडीला निघून गेलेल्या माणसाच्या मुलीचं लग्न काय सोपं होतं?

नव्या संहितेत अगदी गरिबांसाठी नव्याने सुरुवात करायची तरतूद लिहून ठेवली आहे. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, पात्र कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज माफ होऊ शकेल. २०१६ पासून ही कलमं कागदावरच आहेत. ३५,००० चं कर्ज हेच आमच्याकडच्या विडी कामगार बाईचं कर्ज आहे. केंद्र सरकारने हा भाग लागू करावा आणि करताना हे आकडे वाढवावेत. महिन्याला ५,००० ची मर्यादा आजच्या महागाईत कुणाला बसणार? सोलापूरच्या खासदारांनी आणि आमदारांनी हा प्रश्न लावून धरावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

तोवर नोटिशीच्या मागची बाजू तरी भरता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सहकार खात्याने परिपत्रक काढलं तरी पतसंस्थांच्या नोटिशी बदलतील. आपल्या वर्तमानपत्राने आठवड्यातून एकदा या प्रश्नांसाठी चार ओळींची जागा दिली तर जाणकार वकील आनंदाने लिहितील.

ज्यांच्या हातात आज नोटीस आहे त्यांच्यासाठी: जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार कार्ड, नोटिशीचं पाकीट (त्यावरचा टपालाचा शिक्का मुदत मोजायला लागतो) आणि हप्ते भरल्याच्या सगळ्या पावत्या न्याव्यात.

आपला,
एक निवृत्त बेलिफ
साखर पेठ, सोलापूर