दुकान काकूंचं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या पेठेतल्या काकूंची निधनवार्ता आली. येथील जुने व्यापारी अमुक यांच्या पत्नी, वृद्धापकाळाने निधन, पश्चात मुलगा, मुलगी, सून, नातवंडे असा परिवार. चुकीचं त्यात काहीच नाही. मजकूर घरच्यांनी दिला असणार, आपण छापलात. पण चिपळूणच्या बाजारात ज्यांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं सामान नेलं, त्यांना वाचताना नक्की वाटलं असेल, की यातलं व्यापारी कोण?

काका भला माणूस होते, त्यांच्याविषयी वावगा शब्द नाही. पण कोकण रेल्वे सुरू झाली त्याच्याही आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून ते दुकानाच्या दारातल्या खुर्चीत बसून पेपर वाचत. भुसाराची खरेदी, टेम्पोवाल्याशी हुज्जत, वजनकाट्यावरचा शिक्का, दिवाळीचं वहीपूजन, सगळं काकू बघायच्या. मुलांचा अभ्यासही गल्ल्यामागेच व्हायचा. एकीकडे साखर जोखताना दुसरीकडे सतराचा पाढा म्हणून घेणं चालू असायचं आणि मुलगा अडखळला की गिऱ्हाईकच पुढचा आकडा सांगून टाकायचं.

स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. सुट्टे नसले की तोंडावर सुनवायच्या. गुटखा राज्यात २०१२ साली बंद झाला, त्यांच्या दुकानात तो त्याच्या कितीतरी आधी बंद होता. कारण विचारलं तर म्हणायच्या, ‘पायरी मला धुवावी लागते.’

त्यांच्या सामाजिक कामाचा कुठे फोटो नाही, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर लिहितो. १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. आमच्या भागातल्या बूथवर काकू पहिल्या काही वर्षांतच जाऊ लागल्या. रविवारी दुकान अर्धा दिवस बंद. पण त्यांचं खरं काम रविवारच्या आधीच झालेलं असे. कोणत्या घरी बाळ आलंय हे किराणावाल्याला सगळ्यांत आधी कळतं. अळीव, डिंक, बाळंतशेपा, खारीक एकदम मागितली की काकू विचारायच्या, ‘कोण आलंय माहेरपणाला?’ माहेरी आलेल्या लेकी सरकारी यादीत नसतात, त्यांची बाळंही नसतात. पुलाच्या कामावर आलेल्या मजुरांच्या झोपड्यांचंही तेच. त्या बायका रोज संध्याकाळी दहा रुपयांचं तेल आणि पावशेर पीठ न्यायला यायच्या, कडेवर पोर असायचं. काकू हे सगळं बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवायच्या. मोहिमेच्या आदल्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येऊन तो कागद घेऊन जात. सोमवारी शाळेतून येणाऱ्या धाकट्या भावंडांच्या करंगळीवरची शाई काकू दुकानात बसल्या बसल्या तपासायच्या. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी त्यांचं दुकान नेहमीसारखं चालू होतं. त्यांना कोणी बोलावलं नाही आणि त्यांनाही तसं काही अपेक्षित नव्हतं.

मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणला नवं नाही, २००५ चा पूर आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. काकूंनी त्याच हिशेबाने माल वरच्या फळ्यांवर चढवला होता. या वेळी पाणी फळ्यांच्याही वर गेलं. तांदूळ, गूळ, डाळी, उधारीची वही, सगळ्याचा चिखल झाला. माळ्यावरच्या मेणबत्त्या आणि काडेपेट्या तेवढ्या वाचल्या. त्या त्यांनी दुसऱ्या दिवशी गल्लीत वाटल्या, पैसे न घेता. वहीचं मात्र त्यांनी सोडलं नाही. काही गिऱ्हाइकं आपणहून आली. जी आली नाहीत, त्यांना काकू रस्त्यात गाठून आकडा सांगायच्या. तोंडपाठ होता.

पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, मालक कुठे आहेत? काका त्याच्या काही वर्षं आधी गेले होते, पण गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, त्यांच्याच नावावर. ‘मालक वारले. माल मी भरला होता, नुकसान मी सांगते,’ असं काकू म्हणाल्या आणि सामानाची यादी दरासकट घडाघडा सांगितली. दुकानदारांना कमाल ५० हजारांची सरकारी मदत जाहीर झाली होती. ती पदरात पडेपर्यंत त्यांना वारसाचे कागद, मुलाच्या सह्या, हमीपत्र असे हेलपाटे घालावे लागले. त्या हेलपाट्यांत आजूबाजूच्या टपरीवाल्यांचेही अर्ज त्यांनी भरून दिले, कारण कुठला कागद कुठल्या टेबलावर लागतो हे एव्हाना त्यांना पाठ झालं होतं.

गुमास्त्यावरचं नाव बदलणं एवढं अवघड नव्हतं. २०१७ च्या कायद्याने तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना दिली तरी पुरत होतं. घरात कोणाला सुचलं नाही. रेशनकार्डावर तेवढं काकूंचं नाव पहिलं होतं, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानेच घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख ठरवलं. म्हणजे धान्य घ्यायला काकू प्रमुख आणि धान्य विकायला काका!

तर संपादक महाशय, एक विनंती. निधनवार्तेचा मजकूर घेताना आपले वार्ताहर ‘पश्चात कोण’ हे न चुकता विचारतात. त्याच्या आधी ‘त्या काय करायच्या’ हेही विचारायला सांगा. मासळी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या किती बायका ‘यांच्या मातोश्री’ म्हणून छापून गेल्या असतील! काकूंबद्दल जागेअभावी एकच ओळ छापता आली तर ती अशी छापा: किराणा व्यापारी, पोलिओ मोहिमेतल्या जुन्या स्वयंसेविका, २००५ आणि २०२१ च्या पुरांनंतर दुकान पुन्हा उभं केलं.

आपला,
एक वाचक, चिपळूण